बायको पंतप्रधान, नवऱ्याचा रंगाचा धंदा

मागच्या अंकात बोलता बोलता ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरचं नाव निघालं आणि मी सहज लिहून गेले की तिचं राजकारण नवऱ्याच्या रंगाच्या धंद्यातल्या पैशावर उभं राहिलं आणि तिच्यापेक्षा मला तोच जास्त इंटरेस्टिंग वाटतो. झालं, पत्रं सुरू. कोण तो, कसा होता, बायकोच्या जिवावर जगला का, दारू प्यायचा म्हणे खरं का. त्यामुळे यावेळी पाककृती, शेजाऱ्याचा कुत्रा आणि सासूबाईंचा मोबाइल हे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यात, हा अख्खा कॉलम डेनिस थॅचरला.

थॅचरबाई किराणा दुकानदाराची मुलगी, स्वतःच्या कष्टावर वर आली असंच आम्ही वाचत आलो. मग नवऱ्याच्या पैशाचा विषय कुठून आला? (एक वाचक, पुणे)

अहो दोन्ही खरं आहे. ग्रँथम गावात वडिलांचं किराणा दुकान होतं, वरच्या मजल्यावर घर, आणि ऑक्सफर्डची केमिस्ट्रीची डिग्री तिने स्वतःच्या डोक्यावर मिळवली, त्यात कुणाचा वाटा नाही. पण इलेक्शन लढवायला डोकं पुरत नाही हे आपल्याकडच्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा.

१९४९ च्या फेब्रुवारीत डार्टफर्ड मतदारसंघात खासदारकीसाठी तिची उमेदवारी पक्की झाली त्या रात्री जेवणाच्या टेबलावर डेनिस होता. ती २३ वर्षांची, तो ३३ चा. तिला रात्रीच लंडनला जाऊन पुढची ट्रेन पकडायची होती कारण सकाळी नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि याच्याकडे गाडी होती, तर याने सोडलं. वाटेत काय बोलले तर म्हणे रंग आणि प्लॅस्टिक. ती एका प्लॅस्टिक कंपनीत संशोधनाचं काम करायची आणि हा रंगाच्या कंपनीचा मालक, म्हणजे रोमान्सची सुरुवात रसायनांच्या गप्पांनी झाली, काय बोलणार.

ती कंपनी म्हणजे अ‍ॅटलस प्रिझर्व्हेटिव्ह, तेव्हाच्या केंट परगण्यात एरिथ म्हणून गाव होतं तिथे कारखाना. आजोबांनी चालू केलेला धंदा. आजोबा न्यूझीलंडला शेती करत होते, तिथे तणनाशक आणि मेंढ्यांना अंघोळ घालायचं कीटकनाशक असल्या मालापासून सुरुवात झाली आणि मग गंज लागू नये म्हणून लावायचे रंग वगैरे. डेनिस कॉलेजला गेलाच नाही, शाळा संपली आणि १९३३ मध्ये थेट कारखान्यात. मध्ये युद्ध आलं, सैन्यात गेला, सिसिली आणि इटलीत होता, मेजर झाला, एमबीई हा सरकारी किताब मिळाला. वडील युद्धाच्या काळातच वारले त्यामुळे परत आल्यावर धंद्याचं सगळं ओझं याच्यावर, आई-बहीण आणि इतर नातेवाईक पण त्याच कंपनीवर अवलंबून.

लग्न १३ डिसेंबर १९५१ ला झालं. तोपर्यंत बाई डार्टफर्डला दोनदा पडली होती, १९५० आणि १९५१. लग्नानंतर तिने नोकरी सोडली आणि वकिलीचा अभ्यास सुरू केला, १९५३ मध्ये जुळी मुलं झाली, मुलांना सांभाळायला बाई ठेवली, १९५४ मध्ये ती बॅरिस्टर झाली, १९५९ मध्ये फिंचलीतून खासदार. आता या आठ वर्षांचं घरभाडं, आयाचा पगार, फी, कपडे, प्रवास कुणी भरलं? रंगाच्या डब्यांनी. तिने हे कधी लपवलं नाही, नवऱ्याच्या पैशामुळे जमलं हे ती उघड सांगायची. किराणा दुकानाची गोष्ट भाषणात छान वाटते म्हणून तीच जास्त ऐकली आपण, एवढंच.

मुलांचा जन्म १५ ऑगस्टचा बरं का, आपल्या झेंडावंदनाच्या दिवशीचा! आणि त्या दिवशी ओव्हलवर अ‍ॅशेसची शेवटची टेस्ट सुरू झाली होती, तर बाप क्रिकेट बघायला गेलेला आणि कुणालाच सापडेना असं सांगतात. यावरून मला पत्रं पाठवू नका, १९५३ मध्ये आपल्याकडचे बाप पण बाळंतपणाला हजर नसायचे.

तो म्हणे कायम जिनच्या नशेत आणि बायकोला घाबरून असायचा. खरं आहे का? (एक वाचक, नागपूर)

जिन प्यायचा, सिगरेट ओढायचा, गोल्फ खेळायचा, आणि रग्बीचं तर वेडच, चांगला रेफरी होता, १९५६ च्या फ्रान्स-इंग्लंड मॅचला पॅरिसमध्ये लाइनवर टच जज म्हणून उभा होता. एवढं सगळं नशेत जमत नाही.

ही इमेज आली कुठून, तर लंडनच्या एका विनोदी पाक्षिकात बाई पंतप्रधान असेपर्यंत दर अंकाला डेनिसच्या नावाने एक खोटं पत्र यायचं, मित्र बिलला लिहिलेलं. बिल म्हणजे बिल डीड्स, हा त्याचा खरोखरचा गोल्फमधला मित्र आणि डेली टेलिग्राफचा संपादक. त्या पत्रातला डेनिस म्हणजे बायको आली की बाटली लपवणारा, मीटिंगमधून सटकणारा, कशातलं काही न कळणारा बावळट नवरा. लोकांनी तोच खरा धरला. गंमत बघा, हा माणूस हिशोब शिकलेला, ताळेबंद वाचण्यात पक्का, कितीतरी वर्षं कारखाना चालवलेला, आणि त्याने एकदाही खुलासा केला नाही की मी तसा नाहीये म्हणून. मला वाटतं त्याला ते सोयीचंच पडलं. पंतप्रधानाचा नवरा बावळट आहे म्हटल्यावर मागून सरकार तोच चालवतोय असं कोण म्हणणार?

घाबरायचा म्हणाल तर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फायली घेऊन बसणाऱ्या बाईला आता पुरे, झोपायला चल असं तोंडावर सांगू शकणारा पंतप्रधानांच्या त्या अख्ख्या इमारतीत तो एकटाच होता.

माझं बार्शीला हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे. मिसेस महिला राखीव जागेवरून पंचायत समितीवर निवडून आल्या आणि आता सभापती झाल्यात. तेव्हापासून मी "सभापतींचे मिस्टर" झालोय. लोक दुकानात येतात ते रंग घ्यायला नाही, "भाऊ जरा वहिनींच्या कानावर घाला" म्हणायला. एक ठेकेदार म्हणतो झेडपी शाळेच्या रंगकामाचा सगळा माल तुमच्याकडूनच उचलतो. थॅचरबाईंच्या नवऱ्याचा पण रंगाचाच धंदा होता असं तुम्हीच लिहिलंय, तर त्याने काय केलं होतं आणि मी काय करू? (एक वाचक, बार्शी)

भाऊ, तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग दोनदा वाचलं.

पहिलं हे लक्षात घ्या की बायको खुर्चीवर बसायच्या कितीतरी आधी डेनिसने रंगाचा धंदा विकलेला होता. आणि तो काही तिच्यासाठी विकला नाही, त्याला झेपेना म्हणून विकला. १९६४ च्या सुमाराला तो कामाने पार पिचला होता. छोटी कंपनी, मोठ्या कंपन्यांपुढे भांडवल कमी, घरातले सगळे त्याच एका गल्ल्यावर. डॉक्टरने सांगितलं थांबा नाहीतर काही खरं नाही, तर हा सगळं टाकून दक्षिण आफ्रिकेला लांब सुट्टीवर निघून गेला. बायको इकडे खासदार, मुलं अकरा वर्षांची, आणि हा परत येतो की नाही अशी अवस्था. परत आला, आणि १९६५ मध्ये कंपनी कॅस्ट्रॉलला विकून टाकली. हो, तेच कॅस्ट्रॉल, तुमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये ज्याचे डबे रचलेले असतात. वर्षभरात कॅस्ट्रॉललाच बर्मा ऑइलने घेतलं, आणि हा मालकाचा झाला मोठ्या कंपनीतला डायरेक्टर, पगार, गाडी, ऑफिस, कटकट कमी. बर्मा ऑइल नाव ऐकल्यासारखं वाटत असेल, मुंबईत माहुलला जी बर्मा-शेलची रिफायनरी होती, १९७६ मध्ये सरकारने घेतली आणि पुढे भारत पेट्रोलियम झाली, त्यातली बर्मा ती हीच.

मग १९७५ उजाडलं. जानेवारीत बर्मा ऑइल टँकरच्या धंद्यात असं बुडालं की बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडून वाचवावं लागलं. आणि फेब्रुवारीत बाई पक्षाची नेता. म्हणजे विचार करा, सरकारी मदतीवर उभ्या राहिलेल्या कंपनीत विरोधी पक्षनेत्याचा नवरा! त्याच वर्षी साठी झाली आणि तो रिटायर झाला. नशीब म्हणा, टायमिंग म्हणा. चार वर्षांनी बायको पंतप्रधान झाली तेव्हा त्याच्याकडे रोज सही करायची खुर्ची नव्हती.

पण घरी बसला का, तर नाही. काही कंपन्यांच्या बोर्डावर होता, कन्सल्टंट म्हणून कामं घ्यायचा, पुढे अ‍ॅटवूड्स म्हणून कचरा उचलणाऱ्या कंपनीचा उपाध्यक्ष झाला आणि तिथे बायको पायउतार झाल्यावर पण होता. डाउनिंग स्ट्रीट म्हणजे पंतप्रधानांचं सरकारी घर आणि ऑफिस, तिथल्या माळ्यावरच्या फ्लॅटमधून सकाळी कामाला जायचा, संध्याकाळी परत. नवऱ्याला पगार नाही, पद नाही, त्या देशात त्याच्याआधी पंतप्रधानाचा नवरा हा प्रकारच नव्हता त्यामुळे कुणाकडे बघून शिकायची सोय पण नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. एवढा सांभाळून राहणारा माणूस एकदा घसरला तो एका कागदावरून. तो एका बांधकाम ग्रुपचा पगारी सल्लागार होता. त्यांची वेल्समध्ये हार्लेक गावाजवळ घरांची स्कीम होती आणि परवानगीचं अपील सरकारदरबारी अडकलेलं. डिसेंबर १९८० मध्ये डेनिसने वेल्सचे मंत्री निकोलस एडवर्ड्स यांना पत्र लिहिलं की बाबा हे एवढं का लांबतंय. बस एवढंच, पैसे मागितले नाहीत, नियम मोडा म्हणाला नाही, उशीर का होतोय एवढं विचारलं. कुठलाही धंदेवाला असं पत्र महिन्याला चार लिहितो, तुम्ही पण महावितरणला लिहिलं असेल. फक्त कागद जो उचलला त्यावर वर छापलेलं होतं १०, डाउनिंग स्ट्रीट. आणि ज्याला लिहिलं तो बायकोच्या मंत्रिमंडळातला मंत्री. त्या मंत्र्याने खालच्या लोकांना शेरा मारला की उत्तर चांगलं आणि लवकर गेलं पाहिजे. पुढच्या वर्षी ते पत्र पेपरात छापून आलं आणि विरोधकांनी बाईला धारेवर धरलं, त्याला नाही, बाईला.

तो मजकूर साध्या कागदावर असता तर? तरी खाली नाव थॅचरच होतं म्हणा. पण हा जो वरचा छापील पत्ता आहे ना, तो मजकुराच्या आधी वाचला जातो.

म्हणून तुम्हाला सांगते, ठेकेदाराला हात जोडा आणि नाही म्हणा. बार्शीत पेंटची दुकानं कमी आहेत का, घेईल दुसऱ्याकडून. आणि हा नुसता लाजेचा प्रश्न नाहीये, १९६१ चा जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा काढून बघा, समितीच्या किंवा झेडपीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध निघाला तर अपात्र ठरवायची तरतूद त्यात आहे. शाळेच्या भिंतीवर चढलेला रंग तुमच्या दुकानातला निघाला, बिलावर तुमचा जीएसटी नंबर, तर विरोधी गट ते बिल फ्रेम करून ठेवेल. निकाल काय लागायचा तो लागो, तारखांना वहिनीच जाणार. एकदा चांगल्या वकिलाला फी देऊन विचारून घ्या, सल्ला फुकटात घेऊ नका, फुकट सल्ला देणारा उद्या काम घेऊन येतो.

"वहिनींच्या कानावर घाला" वाल्यांना काय सांगायचं? डेनिसचा उपाय असा की तो बोलायचाच नाही. पत्रकारांना मुलाखत नाही, साडेअकरा वर्षं नाही. शेवटी बायकोची सत्ता जाऊन बारा-तेरा वर्षं झाली तेव्हा स्वतःच्या मुलीला, ती पत्रकार आहे, तिला टीव्हीसाठी मुलाखत दिली आणि त्याच वर्षी, २००३ मध्ये, गेला. तुम्हाला दुकानदार असून गप्प बसणं परवडणार नाही ते मला कळतं, गिऱ्हाईक तुटेल. पण समितीच्या ऑफिसचा पत्ता आणि वेळ लिहिलेला बोर्ड काउंटरमागे लावता येईल, तो काही बोलत नाही आणि कुणाला रागही येत नाही.

आणि प्लीज गाडीवर काही लिहू नका. आमच्या भागात एका नगरसेविकेचे मिस्टर आहेत, त्यांच्या बुलेटच्या नंबर प्लेटवर लाल अक्षरात "नगरसेवक" लिहिलंय आणि "सेवक"च्या मागे अगदी बारीक अक्षरात "पती". गाडीला नाक लावल्याशिवाय दिसत नाही.

डेनिसला स्वतःला कधी राजकारणात यावंसं वाटलं नाही का? (एक वाचक, सातारा)

स्थानिक इलेक्शनला एकदा उभा राहिला होता, लग्नाच्या आधी, करदात्यांच्या बाजूने म्हणून. पडला. मग कधी नाव काढलं नाही. मतं मात्र भरपूर आणि बायकोपेक्षा कडक, उजवी, दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत तर ऐकवणार नाहीत अशी. ती जेवणाच्या टेबलावर मित्रांत बोलायचा, बाहेर नाही.

त्यांच्या घरात पैसा होता तर डाउनिंग स्ट्रीटला थाट असेल ना? (एक वाचक, नाशिक)

काही नाही हो. वरच्या मजल्यावर अटारीतला फ्लॅट, पूर्णवेळ आचारी नाही, फ्रीझरमधलं काढून गरम करायचं नाहीतर बाई स्वतः रात्री अंडं करून द्यायची. १९७९ मध्ये फ्लॅट नीट करायचा खर्च निघाला त्यात इस्त्री करायचं टेबल होतं १९ पौंडाचं, तर बाईने ते स्वतःच्या पैशातून घेते म्हणून कळवलं. तीस वर्षांनी सरकारी फायली उघडल्या तेव्हा ते टेबल जगासमोर आलं. आपल्याकडे फायली उघडतील तेव्हा काय काय निघेल माहीत नाही, इस्त्रीचं टेबल नक्की नाही.

त्याने त्रास काय काढला? सगळं तर ऐटीतलंच दिसतंय. (एक वाचक, डोंबिवली)

सगळं नाही. त्याचं हे दुसरं लग्न होतं, पहिलं युद्धाच्या धामधुमीत झालेलं आणि १९४८ ला मोडलेलं. मुलांना हे घरात कधी सांगितलंच नव्हतं, १९७६ मध्ये पेपरवाल्यांनी शोधून काढलं तेव्हा २२-२३ वर्षांच्या पोरांना कळलं की वडिलांची आधी एक बायको होती. बायको नेता झाली की घरातली कुलूपं बाहेरचे उघडतात ते असं.

जानेवारी १९८२ मध्ये मुलगा पॅरिस-डाकार रॅलीत सहारा वाळवंटात सहा दिवस हरवला. बाई पंतप्रधान, ती जाऊ शकत नाही. शोधायला अल्जीरियाला कोण गेलं, हा. आणि १२ ऑक्टोबर १९८४ ला ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात पहाटे तीनच्या सुमाराला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला, पाच माणसं गेली. बाई जागी होती, भाषणाचं काम चाललेलं, हा आतल्या खोलीत झोपलेला. त्यांच्या बाथरूमची वाट लागली, बेडरूम वाचली. तेव्हा तो ६९ वर्षांचा, ज्या वयात आपले लोक सकाळी बागेत हास्यक्लबला जातात.

सोडून दे असं त्याने तिला आधीच सुचवलं होतं, दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा. ऐकलं नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये पक्षातच मतदान झालं, तिला २०४, समोरच्याला १५२, पण पहिल्याच फेरीत जिंकायला नियमाने जेवढी आघाडी लागते त्यात चार मतं कमी पडली. ती पॅरिसहून परत आली तेव्हा पुढे लढू नकोस म्हणणाऱ्यांत हा पहिला. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा जाहीर केला.

आपल्याकडे किंवा आसपास असा धंदेवाला नवरा कोण? (एक वाचक, कोल्हापूर)

आपल्याकडे अगदी वरच्या पदावर तसं उदाहरण बसत नाही. फिरोज गांधी पत्रकार आणि खासदार, आणि इंदिराबाई पंतप्रधान व्हायच्या पाचेक वर्षं आधीच गेलेले. आपल्या अमरावतीचे देवीसिंह शेखावत, प्रतिभाताईंचे यजमान, ते प्राध्यापक, तेही केमिस्ट्रीचे, शिवाय अमरावतीचे महापौर आणि आमदार राहिलेले. धंदेवाला शोधायला सीमेपलीकडे जावं लागतं, आसिफ अली झरदारी. जमीनजुमला, कराचीत सिनेमा थिएटर, १९८७ मध्ये बेनझीरशी लग्न. तिकडे उलटं झालं, बायकोने १९९६ मध्ये नवऱ्याला गुंतवणूक खात्याचा मंत्रीच केला, लोकांनी आधीच "मिस्टर टेन पर्सेंट" नाव ठेवलेलं होतं, त्याच वर्षी सरकार गेलं आणि तो आत, २००४ पर्यंत. आरोप त्याने कायम नाकारले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष पण झाला, तो भाग वेगळा.

डेनिसला "सर" कशाबद्दल मिळालं? (एक वाचक, ठाणे)

बायकोने पद सोडल्यावर त्याला बॅरोनेट केलं, १९६४ नंतर असा किताब कुणालाच दिला नव्हता. साध्या "सर"पेक्षा वेगळा, हा वारसाने पुढे जातो. त्यामुळे तो वारल्यावर "सर" लागलं ते मुलाच्या नावापुढे, तोच वाळवंटात हरवलेला. जुळी बहीण रांगेतच नव्हती, कारण बॅरोनेटपद सहसा मुलाकडेच जातं. पंतप्रधानबाईच्या घरात सुद्धा.